कागदावर नसलेला शब्द

मिग्दालियाने पिवळं बटण दाबलं तेव्हा तंत्रज्ञ पर्व्हिस माइकवर बटाट्याच्या सॅलडची कृती सांगत होता.

"बटाटे उकडून घ्या, सालं काढा, आणि मग तुमच्या सासूच्या..."

दहा सेकंदांनी उजवीकडच्या पडद्यातून तेच वाक्य परत आलं. बटाटे उकडले, सालं निघाली, आणि सासूच्या जागी शांतता आली. चित्रही त्याच क्षणी उडी मारून मैदानाच्या लांबच्या दृश्यावर गेलं. ओठ वाचायची सोय नको म्हणून तशी व्यवस्था होती. पर्व्हिसने अंगठा वर केला.

"सासूबाई वाचल्या," तो म्हणाला. "आता परत घेऊन दाखवतो. तू दाबलंस, पण ग्रेचन म्हणाली राहू दे, तर दहा सेकंद व्हायच्या आत मी हा खालचा दांडा ओढायचा. मग काही कापलंच नाही असं होतं. दहाच्या पुढे गेलं की देवसुद्धा परत आणू शकत नाही."

"किती वेळा सांगशील?"

"तू ते बटण चोळतेयस तितक्या वेळा."

तिने हात मांडीखाली घेतला.

टँपाच्या स्टेडियममागे प्रक्षेपणाच्या गाड्यांची रांग लागली होती. अमेरिकन फुटबॉलच्या फायनलचं सगळं काम त्या मोठमोठ्या गाड्यांत चालायचं. ही शेवटची छोटी गाडी फक्त मध्यंतरातल्या तेरा मिनिटांच्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी होती. आत तीन खुर्च्या आणि दोन पडदे. डाव्या पडद्यावर मैदानात आत्ता काय चाललंय ते, उजव्यावर देशभर घराघरांत काय दिसतंय ते, म्हणजे तेच, दहा सेकंद शिळं. त्या दहा सेकंदांत मिग्दालियाने ऐकायचं होतं. गाणारा स्पॅनिशमध्ये गाणार होता, आणि वाहिनीच्या 'काय चालेल, काय नाही' ठरवणाऱ्या अख्ख्या विभागात जेवण मागवण्यापलीकडे कुणाला स्पॅनिश येत नव्हतं. म्हणून ऑर्लँडोच्या कचेरीत अकरा वर्षं टीव्हीखालच्या ओळी लिहीत बसलेल्या बाईला उचलून इथे आणून बसवलं होतं.

तिच्यापुढे दोन कागद होते. एकावर गाण्यांचे शब्द, तिनेच इंग्रजीत करून दिलेले, वकिलांच्या सह्यांसकट. दुसऱ्यावर वर्ज्य शब्दांची यादी. ही यादी आधी कुणीतरी मेक्सिकन शब्दकोशातून उतरवली होती, त्यामुळे 'घेणे' हे साधं क्रियापद तिच्यात शिवी म्हणून आलं होतं. मेक्सिकोत ते चारचौघांत काढता येत नाही. मिग्दालियाच्या बेटावर, पोर्तो रिकोत, लोक दिवसभर बस घेतात, ऊन घेतात, सर्दी घेतात, आणि कुणाची मान खाली जात नाही. उलट 'किडा' हा शब्द यादीत नव्हताच, आणि बेटावर तो आईसमोर काढला तर कानाखाली बसते. या दोन शब्दांवर टाय लावलेल्या सहा माणसांनी पाऊण तास खल केला, आणि भरल्या खोलीत किड्याचा अर्थ मिग्दालियाला दोनदा सांगावा लागला. घरी येऊन तिने नवऱ्याला ते साभिनय करून दाखवलं होतं. तेव्हा अजून हसू येत होतं.

मग गाणाऱ्याने ती मुलाखत दिली. त्याचं नाव कांग्रेहो, म्हणजे खेकडा. लहानपणी बेटावरच्या ज्या मोहल्ल्यात वाढला तिथली पोरं एकमेकांना तशीच हाक मारतात. मध्यंतरात तुम्ही सरकारविरुद्ध काही बोलणार का, असं त्याला विचारलं. तो म्हणाला, "मी एकच शब्द बोलणार आहे. ज्याला कळायचा त्याला कळेल."

झालं. एक शब्द कोणता, यावर देशात पैजा लागल्या. वर्तमानपत्रांनी संभाव्य शब्दांच्या याद्या छापल्या. एक सिनेटर म्हणाला की आमच्या खेळाच्या दिवशी आम्हाला न कळणाऱ्या भाषेत आम्हाला शिव्या घालणार असतील, तर वाहिनीचा परवाना तपासायला हवा. स्टेडियमच्या दारांवर बाहेरदेशातून आलेल्यांची कागदपत्रं तपासणारी सरकारी माणसं उभी करू, असंही कुणीतरी जाहीर केलं. वाहिनीत वरपासून खालपर्यंत सगळे घाबरले, आणि भीतीचं पाणी उतारावरून वाहत वाहत शेवटी सगळं मिग्दालियाच्या खुर्चीपाशी येऊन साचलं.

दार उघडून ग्रेचन आत आली. विभागाची प्रमुख, मिनेसोटाची, सहा फूट उंच, बोलायला सभ्य. आठवडाभर ती खोकल्याच्या गोळ्या चघळत होती आणि तिला खोकला नव्हता.

"मिज," ती म्हणाली. मिग्दालिया हे नाव तिला लांब पडायचं. "शेवटचं एकदा. कागदावर नाही ते काहीही आलं, तर?"

"दाबायचं."

"आणि शंका आली तर?"

"दाबायचं."

"चुकून साधाच शब्द कापला तर उद्या चार लोक हसतील. नको तो गेला तर उद्या आपण कुणीच इथे नसू. तू, मी, हा पर्व्हिससुद्धा."

"मी तसाही जूनमध्ये निवृत्त होतोय," पर्व्हिस म्हणाला.

ग्रेचन हसली नाही. तिने मिग्दालियाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझ्या पत्राचं विसरले नाहीये मी. तयार आहे, बॅगेत आहे. आजचं पार पडलं की सही करते."

पत्र गुरुवारी लागणार होतं. गुरुवारी ऑर्लँडोत तिच्या नवऱ्याची, सेल्विनची, कायमच्या रहिवासासाठी मुलाखत होती. बेटावर जन्मलेला प्रत्येक जण अमेरिकन, म्हणून मिग्दालिया जन्माने नागरिक. सेल्विन होंडुरासचा, एकोणीस वर्षं इथे छपरं घालून पोट भरणारा. ही बाई आमच्याकडे पक्की नोकरीला आहे, असं वाहिनीने लिहून दिल्याशिवाय त्याचा अर्ज उभाच राहत नव्हता. आणि नुसता अर्ज नाकारला असता तरी परवडलं असतं. त्यांच्या चर्चमधला एक जण डिसेंबरमध्ये अशाच मुलाखतीला इस्त्रीचा शर्ट घालून गेला आणि मागच्या दाराने त्याला कुठे नेलं ते त्याच्या बायकोला नऊ दिवस कळलं नाही. तेव्हापासून मिग्दालियाला रात्री दोनदा जाग यायची आणि ती अंधारात सेल्विनच्या छातीवर हात ठेवून तो आहे ना एवढं बघायची.

फोन पेटीत जमा करायच्या आधी तिने त्याला फोन लावला.

"पडदे लावलेस?"

"लावले. दिवापण मालवलाय. तुझी बहीण आली तर म्हणेल, घरात मयत झालंय."

"टीव्ही?"

"चालू आहे. आवाज बारीक. मिग्दा, ते तिथे आहेत का गं? दारावर? बातम्यांत म्हणाले."

"दोघं-तिघं दिसले. हॉटडॉग खात होते."

"हॉटडॉग खातात म्हणजे माणसंच आहेत." तो हसायला गेला, पण हसू मध्येच संपलं. "पत्र मिळालं?"

"सामना झाल्यावर."

"मग नीट ऐक तू. माझा विचार करू नकोस, नुसतं ऐक."

तिने फोन पेटीत टाकला आणि पर्व्हिसने झाकण लावलं.

कागदावर एकच जागा होती जिथे तिचं बोट दर वेळी अडायचं. दुसरं गाणं संपल्यावर, तिसरं सुरू व्हायच्या आधी, ढोलाचे चार ठेके मोकळे होते. तिन्ही तालमींत कांग्रेहो तिथे नुसता उभा राहिला होता. त्या जागी तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: चार ठेके. शब्द नाहीत. पण जो माणूस सबंध देशाला एक शब्द देणं लागतो, तो तेवढ्यासाठीच जागा मोकळी ठेवतो, हे कळायला शहाणपण लागत नाही. तिने हे ग्रेचनला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते चार ठेकेच काढून टाकले असते, आणि ते काढायला लावणारी म्हणून तिचं नाव झालं असतं. नाही सांगितलं, तर आता ते चार ठेके तिच्या एकटीच्या अंगावर होते.

शुक्रवारी तालमीनंतर तो या गाडीपाशी आला होता. डोक्यावर टोपी, हातात उसाच्या रसाचा पेला, सत्तावीस वर्षांचं पोर.

"बटणावरचं बोट कुणाचं आहे?" त्याने स्पॅनिशमध्ये विचारलं.

"माझं," ती म्हणाली.

"तुम्ही कुठल्या?"

"याबुकोआची," तिने बेटावरच्या आपल्या गावाचं नाव सांगितलं.

तो इतका मोकळा हसला की तिलाच ओशाळल्यागत झालं. "याबुकोआची बाई बटणावर. मग मला कसली काळजी?" आणि पेला कचऱ्यात टाकून निघून गेला. ती दोन दिवस त्या वाक्याचा अर्थ लावत होती. लाच होती, धमकी होती, की नुसतं गावाकडचं कुणी भेटल्याचं बोलणं, ते तिला ठरवता येईना.

शिटी वाजली, खेळाडू आत गेले. चारशे माणसं चाकांवरचा रंगमंच ढकलत मैदानात धावली आणि सात मिनिटांत हिरवळीवर विमानतळाचा प्रतीक्षाकक्ष उभा राहिला: निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, काचेचं दार, वर निघणाऱ्या विमानांचा फलक. दोनशे नाचणारे खुर्च्यांवर बसले. कुणाकडे बॅगा, कुणाकडे सुतळीने बांधलेली खोकी, एका बाईच्या मांडीवर टोपलीत झाकलेला केक. बेटावरून निघताना सगळे असेच निघतात. मिग्दालियाही तेवीस वर्षांची असताना असंच खोकं घेऊन निघाली होती, पण आत्ता तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. ती नुसती ऐकत होती.

पहिलं गाणं कागदाप्रमाणे गेलं. तिचं बोट ओळीओळीवरून सरकत होतं, दुसरं बोट बटणावर टेकलेलं. स्टेडियममध्ये सत्तर हजार माणसं होती. वरच्या एका कोपऱ्यातून हुर्यो उठत होती, खालून टाळ्या ती दाबून टाकत होत्या.

"पहिलं स्वच्छ," ग्रेचन फोनवर कुणाला तरी म्हणाली.

दुसरं गाणं संथ होतं. दोन जागी त्याने 'आणि'च्या ऐवजी 'पण' म्हटलं. तिचं बोट दोन्ही वेळा बटणात अर्धं रुतून मागे आलं. घाम कानशिलावरून हेडफोनच्या गादीत मुरत होता. नाचणारे एकेक करून उठले, काचेच्या दारातून पलीकडे गेले, खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. शेवटी कांग्रेहो एकटाच राहिला, हातात एक बॅग. गाणं संपलं. ढोल एकटा उरला.

एक.

त्याने बॅग खाली ठेवली.

दोन.

त्याने टोपी काढली. हे तालमीत नव्हतं.

तीन. त्याने कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाला:

"बेन्दिसियोन."

"दिओस ते बेन्दिगा," मिग्दालियाच्या तोंडून निघालं, आणि त्याच क्षणी तिच्या बोटाने बटण दाबलं.

दोन्ही तिच्याकडूनच झालं. कुठलं आधी हे तिला नंतर कधीच सांगता आलं नाही. त्या बेटावर मूल बोलायला लागलं की आईच्या पाठोपाठ हा शब्द शिकतं. घरातून निघताना, घरी येताना, फोन उचलला की सगळ्यात आधी, भांडण झालेलं असलं तरी, थोरल्या माणसाला म्हणायचं: बेन्दिसियोन, आशीर्वाद द्या. आणि थोरल्याने म्हणायचं: दिओस ते बेन्दिगा, देव तुझं भलं करो. ते उत्तर आल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. मिग्दालिया त्रेचाळीस वर्षांची होती. भाचरं तिच्याकडे रोज हे मागत होती आणि ती भांडी घासता घासता देत होती. यात शिवी नव्हती, सरकार नव्हतं, काही नव्हतं. घर सोडून जाणारं एक पोर देशभरातल्या थोरल्यांकडे आशीर्वाद मागत होतं, एवढंच. आणि तिने तो कापला होता.

"दाबलंस," ग्रेचन ताडकन उठली. "तोच का? तोच शब्द?"

"आठ सेकंद उरले," पर्व्हिस म्हणाला. त्याचा हात खालच्या दांड्यावर होता. "परत घ्यायचं असेल तर सांगा."

"मिज. राजकारण होतं का त्यात?"

डाव्या पडद्यावर ढोल थांबला होता. आणि स्टेडियममधून, आधी वरच्या स्वस्त रांगांतून, मग बाजूने, मग जिथे जिथे बेटावरचं कुणी होतं तिथून तिथून, हजारो तोंडांनी उत्तर दिलं. एका सुरात नाही. म्हाताऱ्या बायका जशा आतल्या खोलीतून ओरडून देतात तसं, पुढेमागे, ओबडधोबड.

"सहा."

"आणि हे काय ओरडतायत?" ग्रेचनने विचारलं. "मिज, हे काय आहे?"

"देव तुझं भलं करो."

"देव?"

"हो."

"देवाला कापता येत नाही. ते जाऊ दे." ग्रेचनने गोळी दाढेत फोडली. "आणि आधीचं? आधी काय म्हणाला तो?"

"पाच."

काही नाही, असं म्हणायचं होतं. साधा शब्द आहे, सोडा, परत घ्या. एक वाक्य. पण मग पुढचा प्रश्न येणार होता: साधा होता तर दाबलंस का? हिला आपल्याच भाषेतला साधा शब्द कळत नसेल तर हिला बसवलं कशाला? आणि बॅगेतलं ते पत्र. आणि गुरुवार. इस्त्रीचा शर्ट. मागचं दार. तिने समोरच्या कागदाकडे पाहिलं. तिथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: शब्द नाहीत.

"कागदावर नव्हता," ती म्हणाली.

हे खरं होतं. त्याहून जास्त सोयीचं खरं त्या गाडीत दुसरं नव्हतं.

"मग राहू दे कापलेला," ग्रेचन म्हणाली.

"तीन," पर्व्हिस म्हणाला, आणि मिग्दालियाकडे पाहत राहिला. मग त्याने दांड्यावरचा हात काढला.

उजव्या पडद्यावर कांग्रेहोने बॅग खाली ठेवली. टोपी काढली. चित्र उडी मारून दूर गेलं, झगमगणारं स्टेडियम दिसलं, आणि एक पोकळी आली. मग त्या पोकळीतून, न मागितलेलं, सगळं उत्तर आलं.

तिसरं गाणं कागदाप्रमाणे गेलं.

त्यानंतर जे झालं त्याची तिने कल्पनाच केली नव्हती. कुणीही रागावलं नाही. ग्रेचनचे फोन वाजत राहिले, आणि प्रत्येक फोनबरोबर तिचे खांदे खाली येत गेले. त्याने जो काही घाणेरडा शब्द काढला तो वेळेवर कापला गेला, आणि लोकांनी त्याला देवाचं नाव घेऊन उत्तर दिलं, अशी बातमी सामना पुन्हा सुरू व्हायच्या आतच तयार झाली होती. तो सिनेटरसुद्धा म्हणाला की प्रेक्षकांनी देशाची लाज राखली. शब्द कोणता होता याबद्दल चार मतं होती आणि चारही शिव्या होत्या. आत बसलेल्या सत्तर हजारांतलं कुणी खरं सांगत होतं, पण आशीर्वाद कशाला कुणी कापेल, असं म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

"तू आज आम्हाला वाचवलंस," ग्रेचन म्हणाली. तिने बॅगेतून पत्र काढलं, पर्व्हिसच्या टेबलावर सपाट केलं आणि सही केली. मग थांबून खाली हाताने एक ओळ वाढवली: प्रसंगावधान असलेली, अत्यंत विश्वासू कर्मचारी. "हे कुठल्याही कचेरीत चालेल. घरी जा आता. झोप."

मिग्दालियाने पत्र घेतलं. आभार मानले. हात धुऊन घ्यावेत असं तिला उगीचच वाटलं.

ग्रेचन गेल्यावर पर्व्हिसने फोनची पेटी उघडली आणि तिचा फोन शोधायला वेळ लावला.

"दाबायच्या वेळी तुझे ओठ हलले," तो म्हणाला. "मला वाटलं मोजतेयस."

"नाही."

"मग?"

"सवय आहे," ती म्हणाली.

त्याने फोन तिच्या हातात दिला आणि पुढे काही विचारलं नाही.

बाहेर जनरेटरांची घरघर होती, आणि स्टेडियमच्या भिंतीपलीकडून सामन्याचा आवाज येत-जात होता. फोनवर एकसष्ट निरोप होते. सेल्विनचा पहिला: 'पत्र?' तिने पत्राचा फोटो काढून पाठवला. लगेच उत्तर आलं, हात जोडल्याची तीन चित्रं, आणि खाली: 'शिवी दिली म्हणे त्याने. बरं झालं कापलं. तू जेवलीस का?' सेल्विनला कळायचं कारण नव्हतं. त्याच्या डोंगरातल्या गावात असं मागायची पद्धत नव्हती.

बाकीचे साठ घरच्यांचे होते, आणि घरच्यांना क्षणाचीही शंका नव्हती. आधी भाचीचा: 'मावशी, बेन्दिसियोन म्हणाला ना तो? उत्तर ऐकू आलं म्हणजे तेच म्हणाला असणार. आम्ही सगळ्यांनी इथूनच दिलं.' मग मामेभावाचा: 'दुसरं काय असणार? दिओस ते बेन्दिगा आणखी कशावर म्हणतात?' मग चुलतबहिणीचा: 'ज्याने हे कापलं त्याचं बोट झडो.' त्याखाली सतरा जणांनी बोटांची चित्रं टाकली होती. मग पुन्हा भाची, थोडी उशिरा: 'मावशी, आजीने टीव्ही अंगणात लावलाय. अख्ख्या गल्लीला बोलावून सांगितलंय की आत बसून गाणी ऐकणारी माझी मुलगी आहे.' आणि त्यानंतर कुणीच काही लिहिलं नव्हतं. साठांतला शेवटचा निरोप वीस मिनिटांपूर्वीचा होता. तेवढ्या वेळात सगळ्यांनी दोन आणि दोन चार केले असणार.

आईचा निरोप नव्हता. आई निरोप लिहीत नाही.

मिग्दालियाने पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. वाहिनीच्या माणसांना ती महिनाभर घाबरली होती, सिनेटरला घाबरली होती, दारावरच्या हॉटडॉगवाल्यांना घाबरली होती. पण आता याबुकोआतल्या एका त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला फोन लावताना तिला जितकी भीती वाटत होती, तितकी त्या तिन्हींची मिळून वाटली नव्हती. फोन उद्या लावावा असं तिला वाटलं. उद्या लावला तर मग कधीच लावता येणार नाही, हेही वाटलं. तिने लावला.

दुसऱ्या घंटेला उचलला गेला. तिकडून कुणी हॅलो म्हटलं नाही. आई कधीच म्हणत नाही. धाकट्याने आधी मागायचं असतं, म्हणून ती उचलते आणि थांबते.

"आई," मिग्दालिया म्हणाली.

तिकडे टीव्हीचा आवाज होता, आणि अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या कुणीतरी एकात एक रचत होतं. लोक घरी गेले असावेत.

"आई, सेल्विनचं पत्र मिळालं. सही झाली."

मिग्दालियाने डोळे मिटले. हा शब्द आयुष्यात तिला कधी जड गेला नव्हता. तापात, भांडणात, वडील गेले त्या दिवशीही तो आपोआप आला होता. आता तो ओढून काढावा लागला.

"बेन्दिसियोन, आई."

एक खुर्ची दुसरीवर बसली. मग आणखी एक.

"म्हणजे तुला येतो तर हा शब्द," आई म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. सांगण्यासारखं बरंच होतं: गुरुवार, मागचं दार, दहा सेकंद. त्यातलं काहीही त्या अंगणापर्यंत पोचलं नसतं.

आईने फोन ठेवला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. पार्किंगमध्ये मिग्दालियाची गाडी शंभर पावलांवर होती, ऑर्लँडोकडचा रस्ता अजून मोकळा होता, घरी पडदे लावून सेल्विन वाट पाहत होता. पण उत्तर आल्याशिवाय निघायचं नसतं. मिग्दालिया फोन कानाला लावून जनरेटरपाशी उभी राहिली.